काय ऐकलंस?

एकदा एका गृहस्थाच्या घरात एक बारीकशी घरघर शिरली आणि काही केल्या बाहेर जाईना.

गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, विधुर. बाजारपेठेत त्यांचं लाकडी फर्निचरचं दुकान होतं, पण पत्नी गेल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली करून ते बहुतेक वेळ घरीच असत. मागच्या खोलीत त्यांनी छोटा स्टुडिओ उभारला होता. जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, स्पूलवर चालणारा टेपरेकॉर्डर, जाळीचा वजनदार माईक, असं सगळं त्यांनी जुन्या बाजारांतून हुडकून आणलेलं होतं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या त्या नळ्या, ज्या तापल्या की आत तांबूस उजेड दिसतो. आपल्या आजोबांच्या रेडिओत त्या असत. शौकीन मंडळी शपथेवर सांगतात, की आवाजाला जी ऊब व्हॉल्व्ह देतो ती दुसरं काहीच देत नाही. शौकीन मंडळी शपथेवर बरंच काही सांगतात, ते सोडा. पण यात थोडं तथ्य आहे.

त्या खोलीत खुर्ची एकच होती. दोन्ही स्पीकरांपासून मोजूनमापून एक जागा ठरवायची, तिथेच आवाज पूर्ण ऐकू येतो, आणि अशी जागा खोलीत एकच असते, असं या छंदाचं शास्त्र सांगतं. गृहस्थांनी फरशीवर खडूच्या खुणा करून खुर्ची बरोबर तिथे ठेवली होती. झाडलोट करणाऱ्या बाईंना ती हलवायची सक्त मनाई होती. दुसरी खुर्ची ठेवली असती तर तिच्यावर बसणाऱ्याला आवाज अपुराच मिळाला असता, म्हणून त्यांनी ती ठेवलीच नाही. आणि तसं पाहिलं तर बसणार तरी कोण होतं?

त्यांना एक मुलगी होती, केतकी. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात राही. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती घरी आली होती, तेव्हा त्या खोलीत गृहस्थांनी तिचं गाणं टेप करायला घेतलं. नेमकी तेव्हाच ॲम्प्लिफायरमधून घरघर येऊ लागली. गृहस्थांनी तिला पुन्हा गायला लावलं. मग पुन्हा. शेवटी केतकीने माईक बाजूला सारला, पायात चपला सरकवल्या आणि ती बाहेर निघून गेली. त्यानंतर ती घरी आली ती पाहुण्यासारखी. बापाच्या औषधपाण्याची चौकशी करी, डबे घासूनपुसून भरून ठेवी, पण मागच्या खोलीत पाऊल टाकत नसे. आणि लहानपणी दिवसभर काही ना काही गुणगुणणारी ती पोर घरात आता एक ओळही गात नसे.

गृहस्थांना याचं फार दुःख होतं. संध्याकाळी ते एकटेच त्या खुर्चीवर बसत. घर इतकं शांत असे, की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंबही ऐकू येई. विचार करून करून त्यांनी एक निष्कर्ष काढला होता: सगळा दोष त्या घरघरीचा. ती गेली की केतकी पुन्हा गाईल. माणसाला दोष द्यायला कोणीतरी लागतं, आणि यंत्राची सोय अशी की ते उलट बोलत नाही.

त्यांनी ॲम्प्लिफायरचे कंडेन्सर बदलले, वायरी बदलल्या, भिंतीतलं अर्थिंग नवं करून घेतलं. घरघर जागच्या जागी. शेवटी हात टेकले, तेव्हा कोणीतरी शेजारच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वृद्धाचं नाव सांगितलं. त्या वृद्धाने तिथल्या नाट्यगृहाचा आवाज उभी हयात सांभाळला होता, आणि आता चहापत्तीच्या एका दुकानावर, माडीवरच्या दोन खोल्यांत तो व्हॉल्व्हचे जुने संच दुरुस्त करत असे. लोक त्याला अण्णा म्हणत.

गृहस्थ मूल कडेवर घ्यावं तसा ॲम्प्लिफायर घेऊन माडी चढले. टेबलावर ठेवून त्यांनी सगळी हकिगत सांगितली. घरघर कशी सुरू झाली, कोणत्या बाजूला जास्त आहे, काय काय बदलून पाहिलं, आणि मुलगी कशी गायची थांबली. अण्णा त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिले. इतक्या एकाग्रतेने आपलं बोलणं आजवर कोणी ऐकलं नाही, असं गृहस्थांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"दुरुस्त मी करून देणार नाही," अण्णा म्हणाले. "शिकवीन. तूच कर. पण एक अट आहे."

"सांगा ना."

"उद्या येताना ही मिशी काढून ये."

गृहस्थ चमकले. कॉलेजपासूनची, ओठांवर चांगली झुपकेदार उतरलेली मिशी होती ती. पण बसमध्ये बसल्यावर त्यांना अर्थ उमगला. गुरू आधी अहंकार कापतो! घरी पोचल्यावर आरशासमोर उभं राहून त्यांनी मिशी उतरवली, आणि संन्यास घेतल्यासारखं समाधान चेहऱ्यावर घेऊन ते जेवायला बसले.

अशी त्यांची शिकवणी सुरू झाली. सकाळच्या बसने जायचं, दुपारी परत यायचं. अण्णांचा स्वभाव गूढ होता. ते खिडकीकडे तोंड करून काम करत असत. गृहस्थ मागून "अण्णा, येऊ का?" म्हणत, तर उत्तर नाही. थोर माणसं पटकन उत्तर देत नाहीत, असा आपला एक समज असतो. गृहस्थ उंबऱ्याशी हात जोडून उभे राहत. बऱ्याच वेळाने अण्णा वळत आणि दचकून म्हणत, "अरे, कधी आलास?" आपल्या धीराची परीक्षा चालली आहे हे ओळखून गृहस्थ आतल्या आत सुखावत.

पहिले कित्येक दिवस फक्त सफाई होती. व्हॉल्व्हचे पाय जुन्या टूथब्रशने घासायचे, खोबणीतली धूळ काढायची. मग एक जुना संच सुरू करायची वेळ आली, तेव्हा गृहस्थांनी प्लग थेट भिंतीत खुपसायला हात पुढे केला. अण्णांनी मनगट धरलं.

"थांब. हा कपाटात वर्षानुवर्षं पडून होता. एकदम सगळी वीज दिलीस तर आतला कंडेन्सर फुटेल. आधी दिव्यातून दे."

त्यांनी एक साधा बल्ब मध्ये जोडला, म्हणजे वीज त्या बल्बमधून अडखळत, थोडी थोडी संचात जाईल. बल्ब पेटला, मग हळूहळू मंद होत गेला. अण्णा त्याच्याकडे पाहत म्हणाले, "फार दिवस कोणी विचारलं नाही, की असं होतं. जरा जरा दे. त्याला आठवू दे."

हेही गृहस्थांनी लक्षात ठेवलं. अण्णा ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर बोटांची टोकं ठेवून डोळे मिटत, तेही त्यांना एखाद्या साधनेसारखं वाटे.

एक गोष्ट मात्र त्यांना पचेना.

संच तयार झाला, की अण्णा स्वतः तो कधीच ऐकत नसत. खोलीत एक खुर्ची होती, तिच्यावर ते कोणालातरी आणून बसवत. बहुतेक वेळा खालचा चहापत्तीचा व्यापारी. अण्णा जिन्यातून हाक मारत, "शेट, जरा वर या!" आणि शेट कुरकुरत वर येत. "अहो अण्णा, गिऱ्हाईक उभं आहे माझं!" मग एका अनामिक गायिकेची जुनी तबकडी लावली जाई. अण्णा स्पीकरकडे पाठ करून, स्टूल ओढून शेटच्या अगदी समोर बसत आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहत. तबकडी संपली की एकच प्रश्न विचारत. "काय ऐकलंत?"

एकदा असाच एक संच तयार झाला होता. गृहस्थांनी मीटर लावून पाहिला होता. सगळे आकडे चोख, कुठे बोट ठेवायला जागा नाही. शेटनी ऐकलं आणि मान डोलावली.

"वा! काय खणखणीत आवाज आहे हो. एकेक वाद्य सुटं सुटं. मशीन एक नंबर झालंय."

"नाही झालं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्विच बंद केला. "अजून काम आहे."

शेट कुरकुरत जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात दुसरा संच. यात मात्र एक बाजू जराशी मंद असल्याचं मीटर सांगत होतं. शेट मालाच्या खरेदीला गेले होते, म्हणून अण्णांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईंना बोलावलं. बाई पदर सावरून खुर्चीच्या काठावर टेकल्या. तबकडी वाजली. संपली.

"काय ऐकलंत?"

बाई स्पीकरकडेच पाहत होत्या. मग म्हणाल्या, "या बाईचं कुनी गेलंय का वो नुकतंच?"

"का?"

"न्हाई, दम भरला तिनं मधीच. रडू आलंतं, पर गिळून टाकलं, आन् पुढचं म्हनली. दिसतंय की."

"झाला संच," अण्णा म्हणाले. "उद्या ज्याचा त्याला देऊन टाक."

गृहस्थांनी नम्रपणे मीटर पुढे केला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. चोख संच नापास आणि डावा पडणारा संच पास, हा कुठला न्याय, ते गृहस्थांना कळेना. पण गुरूच्या गूढ वागण्यात अर्थ असतो या भरवशावर त्यांनी तोंड मिटून घेतलं.

दिवाळी जवळ येऊ लागली. केतकी दोन दिवसांसाठी येणार होती. फोनवर तिने सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी तिची बदली आणखी लांब होईल आणि मग दिवाळीला येणं जमेलच असं नाही. गृहस्थांचा जीव टांगणीला लागला. या वेळी गायली नाही तर पुन्हा कधी? अण्णांच्या टेबलावर ठेवलेल्या आपल्या ॲम्प्लिफायरला ते भिडले. व्हॉल्व्हचे तंतू तापवणाऱ्या तारा कोणीतरी मोकळ्या सोडल्या होत्या, त्या त्यांनी एकमेकींभोवती पीळ देऊन चेसिसच्या, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यातून नेल्या. अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी आणून कथलाचा डाग देऊन जोडल्या. संच सुरू केला आणि ते कान देऊन बसले. घरघर जवळजवळ गेली होती. जवळजवळ. गाणं सुरू असताना ऐकू येत नव्हती, पण दोन ओळींमधल्या शांततेत कान दिला की तळाशी एक बारीक धागा उरलेलाच होता.

"अण्णा, आज शेटना नका बोलावू," ते समोर येऊन काकुळतीने म्हणाले. "तुम्हीच ऐका. एकदाच. तो धागा तुम्हालाच सापडेल."

अण्णांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "तू बस."

गृहस्थ बसले. तबकडी लागली. अण्णा समोर स्टुलावर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. तीच गायिका, तेच गाणं. संपलं.

"काय ऐकलंस?"

"आहे अजून, अण्णा. डाव्या बाजूला. दुसऱ्या ओळीनंतर जी मोकळी जागा येते ना, तिथे स्पष्ट. बहुधा पहिल्या व्हॉल्व्हपाशी..."

"मग नाही झाला."

गृहस्थांचा इतक्या दिवसांचा संयम सुटला. "तेच तर म्हणतोय मी! पण तुम्ही ऐकतच नाही! मिशी काढली, उंबऱ्यावर उभा राहिलो, सगळं केलं. आता एवढंच सांगा, तुम्हाला ती घरघर येते का नाही ऐकू?"

"मला कुठून येणार?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मला ऐकूच येत नाही."

खालून शेटच्या तराजूचा आवाज येत होता.

"नाट्यगृहातली नोकरी सुटायच्या आधीपासून कान जायला लागले. आता काही उरलेलं नाही. ओठ वाचतो मी. तुझ्या त्या मिशीत सगळे शब्द अडकत होते रे. पहिल्या दिवशी तू काय सांगितलंस त्यातलं निम्मं मला कळलंच नाही. मुलगी म्हणालास, गाणं म्हणालास, आणि डोळे भरून आले, एवढं दिसलं."

गृहस्थांचा हात आपसूक ओठांवर गेला. उंबऱ्यावरचं ते हात जोडून उभं राहणं आठवून ते कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

अण्णा पुढे म्हणाले, "लोखंडावर बोट ठेवलं की थरथर कळते. वासावरून कळतं काय जळतंय. पण संच बरा झाला का, ते मला दुसऱ्याच्या तोंडावरच वाचावं लागतं. त्यावरून एक गोष्ट मी शिकलो. ऐकणारा उठून यंत्राबद्दल बोलायला लागला, चांगलं बोलो की वाईट, तर यंत्र अजून मध्ये उभं आहे. तो गाणाऱ्याबद्दल बोलला, तर यंत्र बाजूला झालं. मग ते दुरुस्त. माझे कान धडधाकट होते ना, तेव्हा मलाही फक्त यंत्रच ऐकू यायचं. नाट्यगृहात एवढी माणसं गाऊन गेली. मला त्यांच्या माईकच्या खरखरी आठवतात."

त्यांनी स्टूल आणखी पुढे ओढलं. मग त्यांनी विचारलं, "तुझी मुलगी त्या दिवशी काय गात होती?"

गृहस्थांनी तोंड उघडलं. घरघर कधी वाढली ते त्यांना सांगता आलं असतं. मीटरचा काटा कुठे थरथरला, तेही. माईक तोंडापासून किती अंतरावर होता, तेही.

"गाणं होतं एक..." ते म्हणाले आणि त्यांना पुढे काही आठवेना.

अण्णांनी ते ओठ वाचले. त्यांनी ॲम्प्लिफायरची वायर गुंडाळली आणि तो त्यांच्या हातात दिला.

घरी येऊन गृहस्थांनी कपाटातून ती टेप काढली. रद्द केलेली टेप. घरघरीचा नमुना म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती आणि कितीदा तरी ऐकलीही होती. ॲम्प्लिफायर तापू दिला, स्पूल चढवलं, आणि या वेळी मीटरकडे पाठ करून ते फरशीवर बसले.

केतकीचा आवाज आला.

*एक पेड आईचा, एक पेड बाबांचा,*
*मधला पेड लबाड, सांगा पाहू कुणाचा?*

आणि ती थांबली.

हे तर त्यांच्या बायकोचं गाणं. मागच्या दारी पायरीवर बसून ती केतकीची वेणी घालायची, तेव्हा तिने स्वतःच जुळवलेलं. 'लबाड' म्हणताना मधला पेड हलकेच ओढायची, की पोरगी खुदकन हसायची. मग ती प्रश्न विचारून थांबायची, आणि ओसरीवर दाढी करत बसलेले गृहस्थ तोंडाला साबण तसाच ठेवून ओरडायचे, "केतकीचा!" रोज सकाळी. शाळेच्या सगळ्या वर्षांत.

त्यांना आता हेही आठवलं, की टेप करण्याची कल्पना त्यांची नव्हतीच. केतकीच दारात येऊन म्हणाली होती, "बाबा, आईचं गाणं टेप करून ठेवू या का? मी विसरेन अशी भीती वाटते." आणि नुकताच आणलेला माईक वापरायला मिळणार म्हणून ते आनंदाने उठले होते.

प्रश्नानंतरची ती शांतता टेपवर चालू होती. लांबलचक शांतता. हीच ती मोकळी जागा. इथेच घरघर स्पष्ट ऐकू येते म्हणून त्यांनी हाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला होता. या जागी मुलगी बापाकडे पाहत थांबली होती, आणि बाप काट्याकडे पाहत होता.

मग तिचा आवाज, "बाबा, झालं?"

मग त्यांचा स्वतःचा आवाज, कोरडा, "परत."

पुन्हा दोन ओळी. पुन्हा ती थांबली, वाट पाहत. "झालं?" "परत." पुन्हा. दर वेळी तिचा आवाज थोडा आत गेला होता. शेवटच्या खेपेला तिने प्रश्न विचारला, पण थांबली नाही. लगेच माईक सरकल्याचा आवाज आला आणि टेप संपली.

स्पूलचं टोक फटफट आपटत राहिलं. गृहस्थ उठून ते बंद करू शकले नाहीत. बायको गेली तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते. तेव्हा त्यांनी माईक विकत आणला होता.

दिवाळीला केतकी आली. दारातच थबकली. "बाबा! मिशी?"

"शब्द अडकत होते," ते म्हणाले.

तिला काही कळलं नाही, पण ती हसली. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. बल्बमधून थोडी थोडी वीज द्यायची असते, हे ते शिकले होते. पहिल्या दिवशी फराळ झाला, नातेवाइकांकडे जाणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्याला तेल लावून मागच्या पायरीवर बसली, तेव्हा ते खोलीतून बसायचा एक वेताचा मोडा घेऊन आले आणि तिच्यामागे बसले.

"काय करताय?"

"वेणी."

"तुम्हाला येते?"

"नाही."

ती पुन्हा पुढे वळली. त्यांनी केसांचे तीन भाग केले, ते काही सारखे झाले नाहीत. मग घसा खाकरून, भलत्याच पट्टीत, त्यांनी सुरू केलं. एक पेड आईचा. एक पेड बाबांचा. केतकीची पाठ ताठ झाली. तिसऱ्या पेडापाशी त्यांची चाल पार भरकटली आणि ते थांबले.

तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग मान न वळवता म्हणाली, "परत."

त्यांनी परत म्हटलं.

"असं नाही. 'लबाड'ला आई खाली यायची. परत."

त्यांनी परत म्हटलं. तेही चुकलं. तेव्हा तिने स्वतःच म्हटलं, आधी हळू, मग पुरतं, आणि प्रश्न विचारून ती थांबली. पायरीवर शांतता पसरली.

"केतकीचा!" गृहस्थ ओरडले. शेजारच्या अंगणातलं मांजर उठून पळालं. केतकी दोन्ही हातांत तोंड झाकून बसली, आणि ती हसते आहे की रडते आहे हे तिच्यामागे बसलेल्या बापाला दिसत नव्हतं. ते उठून पुढे गेले, तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी पाहिलं.

दुपारी तीच म्हणाली, "चला, टेप करून टाकू." मागच्या खोलीत मोडाही आला. त्याच्यासाठी खुर्ची खुणांवरून बाजूला सरकवावी लागली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोघं शेजारी बसून त्यांच्याकडे पाहत होती. केतकीने कान टवकारले. "घरघर येतेय अजून, बाबा."

"येऊ दे."

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. घर पुन्हा पूर्वीसारखं शांत झालं. नळ पूर्वीसारखाच ठिबकत होता. फक्त मागच्या खोलीत आता बसायच्या जागा दोन होत्या, आणि गृहस्थांनी खुर्ची पुन्हा खडूच्या खुणांवर सरकवली नाही.

काही दिवसांनी ते माडीवर गेले. या वेळी खिडकीपाशी जाऊन अण्णांच्या समोर उभे राहिले. अण्णांनी मान वर केली, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली.

"काय ऐकलंस?"

"'लबाड' म्हणताना तिला हसू फुटतं," गृहस्थ म्हणाले. "वेणी तीच घालत असल्यासारखी थोडी पुढे वाकते. तिच्या आईचंही तसंच व्हायचं."

"आणि घरघर?"

गृहस्थांना आठवावं लागलं. "असेल."

"झाला मग तुझा संच," अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं आणि काम हातात घेतलं.

आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांत काही बिघाड नसतो. समोरचा उत्तरासाठी थांबला आहे, तेवढंच आपल्याला ऐकू येत नाही.

गृहस्थ निघाले. उंबऱ्यापाशी पोचल्यावर सवयीने म्हणाले, "येतो, अण्णा." खिडकीपाशी वाकलेली ती म्हातारी पाठ हलली नाही. त्या माडीवर जाणाऱ्या प्रत्येकाने आजवर त्या पाठीलाच निरोप दिला असेल, असं त्यांच्या मनात आलं. ते मागे फिरले, टेबलाला वळसा घालून पुढे गेले, अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीला येतील एवढे वाकले, आणि सावकाश, ओठ नीट दिसतील असे म्हणाले,

"येतो, अण्णा. उद्या पुन्हा येईन."